सगळ्यांसमोर जेवण

"चादरींच्या खोलीत बस काही दिवस," मेट्रन म्हणाल्या. "पेशंट घाबरतील गं."

ते बहात्तर साल होतं. सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं, तेव्हाच सिस्टरने ओळखलं होतं. नसांच्या वॉर्डात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आरशात तिने नुसती खात्री करून घेतली. तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा डोळा मिटेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, चेहऱ्याची नस सुजलीय, जिवाला धोका नाही.

"आजवर दोन्ही बाजूंनी भांडलीस, आता एकीला सुट्टी," नवरा म्हणाला. मग त्याने तिच्या उघड्या डोळ्यात थेंब घातले.

"मॅडम, मी वॉर्डातच जाणार," तिने मेट्रनना सांगितलं.

"आरशात बघितलंस का स्वतःला?"

"बघितलं. सुई हाताने टोचतात."

डोळ्यावर पट्टी लावून ती वॉर्डात शिरली आणि गलका थांबला. मग कंपवाताचे आजोबा बोलले, "सिस्टर, आज कुणाला डोळा मारताय?"

"तुम्हालाच. झोपा आता."

कोपऱ्यातल्या खाटेवर शिंपीणबाई होती. तिचाही चेहरा असाच गेलेला. चार माणसांत घास घेताना सांडतो म्हणून तिने जेवणच सोडलं होतं. भिंतीकडे तोंड करून नुसतं पाणी प्यायची. आज जेवली नाही तर संध्याकाळी नाकातून नळी घालायची, असं डॉक्टर सांगून गेले होते.

"चांगल्या बाजूने चावा, लाजू नका," असं सिस्टर तिला रोज सांगायची. आज तिने ते सांगितलं नाही. खाटेजवळ स्टूल ओढलं, दुधात पाव कुस्करला आणि सगळ्या वॉर्डासमोर जेवायला बसली.

दूध हनुवटीवरून गणवेशावर ओघळलं. ती थांबली नाही. लुळ्या गालात साचलेला घास तिने बोटाने काढला, पुन्हा चावला.

शिंपीणबाई वळली. "सिस्टर, अहो, सगळे बघतायत."

"बघू देत. त्यांच्या बापाचं खातेय का मी?"

शिंपीणबाई अर्ध्या तोंडाने हसली आणि तिने हात पुढे केला. दाराशी मेट्रन उभ्या होत्या. सिस्टर उठली नाही. दुसरा वाडगा भरून तिने शिंपीणबाईच्या हातात दिला. तो संपेपर्यंत मेट्रन तिथेच होत्या. मग निघून गेल्या.

शिंपीणबाईचा चेहरा दोन महिन्यांत पूर्ववत झाला. पुढे तिने स्वतःचं दुकान काढलं. आजोबा त्याच वर्षी गेले. मेट्रन निवृत्त होईपर्यंत चादरींच्या खोलीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि माफीही मागितली नाही. नवरा थेंब घालता घालता म्हातारा झाला.

सिस्टरचं तोंड काही पुरतं सरळ झालं नाही. तिच्या निवृत्तीच्या दिवशी फोटोग्राफर म्हणाला, "बाई, जरा डावीकडे वळता? चांगली बाजू येईल."

तिने खुर्ची नीट पुढे ओढली आणि कॅमेऱ्याकडे समोरासमोर पाहिलं.