शाम्पूची रांग

माझी गाडी पाच महिने धुतली गेली नव्हती. कारण ऐकून कुणीही हसेल. बाटलीत चारच बोटं शाम्पू उरला होता.

ती बाटली माझ्या बायकोने आणलेली. गाडीचा शाम्पू आणायचं काम तिचं होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ती दुपारी निघायची, जुनी बाटली टाकायला म्हणून पिशवीत घालायची आणि संध्याकाळी नवी घेऊन यायची. मी घड्याळ बघून विचारायचो, "एक शाम्पू आणायला चार तास?" ती चपला काढत म्हणायची, "रांग होती."

ती वारली त्याच्या तीन आठवडे आधी आणलेली ही शेवटची. तीन रविवार वापरली. चौथ्या रविवारी घर माणसांनी भरलेलं होतं. त्यानंतर मी बाटली कपाटात ठेवली. एका धुण्यापुरता शाम्पू उरला होता. ते धुणं झालं की संपलं, म्हणून मी ते करतच नव्हतो.

शाम्पू साधा नव्हता. सगळ्यात महागाचा. मी तीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली. केसाएवढा फरक असला तरी माल परत. त्यामुळे स्वस्त वस्तू मला हातात धरवत नाही. समोरचे मास्तर भांड्यांच्या साबणाने गाडी धुतात. त्यांना मी कितीतरी रविवार उभं करून शिकवलं आहे. त्यांच्या गाडीवर बोट फिरवायचो, मग माझ्या गाडीवर फिरवायला लावायचो. "वास घ्या," म्हणायचो. "काही येतोय? नाही ना? फेस बघा, किती बेताचा. चांगल्या वस्तूला ओरडावं लागत नाही, मास्तर."

ही तेव्हा दारात उभी राहून ऐकायची आणि मध्येच घाईघाईने आत जायची. मला वाटायचं, गॅसवर काहीतरी ठेवलं असेल.

एका रविवारी मेहुणी आली. हिची धाकटी बहीण. तिची लाँड्री आहे, दोन स्टेशनं पलीकडे. गाडीजवळ थांबून तिने मागच्या काचेवरच्या धुळीत बोटाने काहीतरी लिहिलं आणि वर आली. मी खिडकीतून वाकून वाचलं. 'आम्हालाही आंघोळ असते.'

"भावोजी, गाडीवर भाजी लावलीय का?"

"धुणार आहे."

"कधी? कोंब फुटल्यावर?"

मी बाटलीचं सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. तिने उठून कपाट उघडलं, बाटली उजेडात धरून बघितली आणि परत ठेवली.

मग म्हणाली, "ती राहू दे कपाटात. दुसरी आणा की. कंपनी बुडाली का?"

"ती आणायची."

"आता तुम्ही आणा. चौकातल्या दुकानात मिळते. तुम्हाला काय, डोळे मिटून ओळखता येईल."

हे म्हणताना तिने ओठ दाबून धरले होते. मला वाटलं, रडू आवरते आहे.

दुसऱ्याच दिवशी मी जाऊन बाटली आणली. बाटलीचा आकार वेगळा होता, गुबगुबीत. म्हटलं, हल्ली सगळंच बदलतं. दोन बादल्या भरल्या, एक शाम्पूची आणि एक साध्या पाण्याची. गाडी सावलीत घेतली. आधी नुसतं दार धुऊन बघू म्हणून झाकण उघडलं, तर च्युइंगमचा वास जिन्यापर्यंत गेला. बादलीत एक झाकण टाकलं, तर फेस काठावरून खाली. दार धुतलं. स्वच्छ झालं, नाही असं नाही. पण हा माझा शाम्पू नव्हता. कपाटातली बाटली काढली, दोन्हींचा एकेक थेंब दोन बोटांवर घेतला, चोळला. हा घट्ट, तो पातळ. हा गुलाबी, त्याला रंगच नाही.

तीस वर्षांचा अनुभव आहे. मला समजलं. माल नकली होता.

दोन्ही बाटल्या पिशवीत घालून मी तडक दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती. बरंच झालं, म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना.

"हा खरा माल," मी जुनी बाटली काउंटरवर ठेवली, "आणि हे तुम्ही आज सकाळी मला दिलेलं सोंग. माझी बायको अकरा वर्षं तुमच्याकडून नेत होती, तेव्हा हिंमत झाली नाही. ती गेली आणि लगेच सुरू?"

दुकानदाराने जुनी बाटली उचलली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ नेली.

"काका, ही कुठे मिळाली तुम्हाला?"

"इथेच. पाच महिन्यांपूर्वी."

"ह्या आकाराची बाटली यायची बंद होऊन आठ वर्षं झाली, काका."

मी बाटलीकडे बघितलं. लेबल पांढरं पडलं होतं. त्याचा उजवा कोपरा फाटलेला होता. तो कोपरा मी ओळखत होतो. मागच्या वर्षीही तो फाटलेलाच होता, त्याच्या मागच्या वर्षीही. दर महिन्याला ही नवी बाटली आणायची आणि दर महिन्याला तिचा तोच कोपरा फाटलेला असायचा. ज्या माणसाने केसाएवढ्या फरकासाठी खोकीच्या खोकी परत पाठवली, त्याला हे अकरा वर्षं दिसलं नव्हतं.

"काकू एकदाच आल्या होत्या," दुकानदार म्हणाला. "बाबांच्या वेळेला. किंमत ऐकून त्यांनी बाबांना विचारलं होतं, ह्यात गाडी पण येते का? बाबा कितीतरी दिवस सांगत होते तो किस्सा."

मागे कुणीतरी हसलं. मी माफी मागितली की नाही, आठवत नाही. बाहेर येऊन पायरीवर उभा राहिलो. शाम्पूचं काही नाही. पण मग दर महिन्याला ते चार तास ही कुठे होती? लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि हे आता विचारायला ती नव्हती.

विचारण्यासारखं एकच माणूस होतं. मी लाँड्रीत गेलो. मेहुणी इस्त्री करत होती. माझ्या हातातली पिशवी बघितली आणि तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"गेला होतात वाटतं दुकानात," ती म्हणाली. "भांडलात?"

"नकली माल म्हणालो. सगळ्यांसमोर."

ती हसायला लागली. आधी उभ्याने हसली, मग स्टुलावर बसून हसली, मग कुणाच्या तरी धुतलेल्या टॉवेलने डोळे पुसले. मी तिथेच पिशवी धरून उभा. मग तिने मला आत नेलं आणि कोपऱ्यातला मोठा निळा कॅन दाखवला. झाकण काढलं. वास नाही, रंग नाही, फेस बेताचा.

"स्वेटर धुवायचं साबणाचं पाणी आहे हे, भावोजी. मऊ असतं, रंगाला काही करत नाही. ताईने पहिली बाटली संपत आल्यावर विचारलं, ह्यातलं चालेल का गं गाडीला? म्हटलं, लोकरीला चालतं तर लोखंडाला काय धाड भरलीय?"

"आणि मी मास्तरांना..."

"ताई घरी येऊन नक्कल करायची तुमची. 'चांगल्या वस्तूला ओरडावं लागत नाही.' बोट वर करून."

म्हणजे ती घाईघाईने आत जायची ते गॅससाठी नव्हतं.

"चार तास लागायचे तिला," मी म्हणालो.

"लागणारच. तुम्ही शाम्पूला द्यायचात त्यात दोन तिकिटं यायची. सिनेमाची. दुपारचा खेळ. अकरा वर्षं तुमच्या गाडीच्या जिवावर सिनेमे बघितले आम्ही. आमच्या ह्यांना सांगून उपयोग नाही, ते नावांच्या पाट्या संपायच्या आत झोपतात."

"मला सांगायचं तरी."

"मी म्हटलं होतं तिला एकदा, सांगून टाक. तर म्हणाली, चमक त्यांच्या घासण्याची आहे, त्यांना बाटलीची वाटते. वाटू दे. सांगितलं तर घासायचे थांबतील. आणि मला शपथ घातली, भावोजींना सांगायचं नाही."

"मग आज सांगितलंस ते?"

"मी कुठे सांगितलं? तुम्ही शोधलंत. दुकानात पाठवायचं नाही अशी शपथ नव्हती घातली." तिने टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. "पाच महिने झाले, भावोजी. माझेही शनिवार रिकामेच जातात."

तिने माझ्या हातातून जुनी बाटली घेतली, झाकण काढलं आणि कॅन तिरपा केला. मी तिचा हात धरला.

"थांब. आत तिचं आहे अजून. चार बोटं."

"माहीत आहे. ती कधी पूर्ण रिकामी करून आणायचीच नाही. तळाशी थोडं असायचं, त्यावरच ओतायचो. पहिल्या बाटलीतलंही काहीतरी असेल ह्यात, तुमचं महागाचं. असं भरत राहिलं की संपत नाही."

मी हात सोडला. बाटली गळ्यापर्यंत भरली.

रविवारी गाडी धुतली. एक दार च्युइंगमवाल्याने धुतलं होतं, बाकी सगळी स्वेटरच्या पाण्याने. तपासणी खात्यातला माणूस म्हणून खरं ते सांगतो. महागवाल्या दारावरून पाणी किंचित लवकर ओघळलं. सुकल्यावर कुठलं दार कुठल्याने धुतलं ते मला सांगता आलं नाही. मास्तरांना विचारलं, त्यांनी चष्मा लावून ठामपणे चुकीच्या दाराकडे बोट दाखवलं. गुबगुबीत बाटली मी त्यांनाच देऊन टाकली. आता ते मला वास घ्यायला लावतात.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी बाटलीत तळाशी थोडं ठेवून ती पिशवीत घातली आणि दुपारी निघालो. परत आलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. मास्तर फाटकात उभे होते. माझ्या पिशवीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.

"एक शाम्पू आणायला चार तास?"

"रांग होती," मी म्हणालो.