पूजेपायी वाळलेला मेम्ब्रेन

मी मेम्ब्रेन बोलतोय. समुद्राच्या पाण्यातलं मीठ अडवून गोडं पाणी तेवढं पुढे सोडणारा, नळकांड्यात गुंडाळलेला पडदा. सध्या कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या एका वर्कशॉपमागे भंगारात पडलोय आणि माझं डोकं फिरलंय.

मला इथे आणलं शाल्मलीने. पुण्याहून आलेली इंजिनिअर. किनाऱ्यावरच्या एका वाडीच्या विहिरी खारावल्या होत्या; तिथे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र बसवायचं काम मालक विनोदकुमारांना मिळालं होतं. वाडीच्या अंबुबाई स्वतः येऊन सांगून गेल्या, "लेक बाळंतपणाला यायचीय, लवकर करा." शाल्मलीने पिंपात समुद्राइतकं मीठ कालवलं, माझ्यातून पाणी काढलं आणि घोटभर प्यायली. "मस्त!" म्हणाली. मी फुलून गेलो.

मग आली आयुधपूजा. शाल्मली पुण्याला गेली आणि इथे यंत्रं धुण्यापुसण्याला ऊत आला. मालकांनी माझ्यातलं पाणी काढून टाकलं, मला उन्हात ठेवलं, कुंकू फासलं, झेंडू वाहिला आणि सगळ्यांना सुट्टी दिली. अहो, एकदा भिजलेला मेम्ब्रेन कायम ओला ठेवायचा असतो! पुजलंत देवासारखं आणि वाळवलंत पापडासारखं.

सुट्टीनंतर मला मीठ न कालवता साध्या बोअरच्या पाण्यावर चालवलं. थेंब थेंब पाणी. शेजारचा स्वस्त मेम्ब्रेन बोअरसाठीच बनलेला, तो धो धो वाहिला.

"सर, हा वाळलाय. आणि तो समुद्रासाठी नाहीच आहे," पुण्याहून परतलेली शाल्मली रडकुंडीला आली. "दुसरा मागवू ना, प्लीज!"

"काय अक्का तू! पाणी येतंय की नाही? सरी, ठरलं, तोच टाकायचा. स्वस्तात होतंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी! तो गेला वाडीला, मी भंगारात.

काल अंबुबाईंचा फोन आला. मालकांनी स्पीकर लावला होता, खिडकीतून मलाही ऐकू आलं.

"अण्णा, तुमच्या नळाचं पाणी खारटच लागतंय हो. लेक आलीय. तिला काय पाजू?"

"स्वल्प ॲडजस्ट करा, अक्का," मालक म्हणाले आणि त्यांनी कॉफी मागवली.

संताप संताप झाला माझा. मला फेकलंत, फेका. पण मेम्ब्रेन निवडणाऱ्यांनो, स्वस्त-महाग मागाहून ठरवा. आधी त्या वाडीला जा, अंबुबाईंच्या घरी बसा आणि त्यांच्या लेकीसमोर ते पाणी तांब्याभर पिऊन दाखवा.