घरटी एक माणूस

“कमल्या, एक पाय आत नि एक बाहेर, असा काय उभा र्‍हायलास? त्या दाराला तरी सांग काय ते!”

मी कठड्याच्या अलीकडून ओरडलो तेव्हा विमानतळाचं ते आपोआप सरकणारं काचेचं दार तिसऱ्यांदा मिटता मिटता परत उघडलं होतं. दारात कमळाकर म्हात्रे. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात नवे बूट, खांद्याला बॅग आणि तोंड असं, की कुणी मागून बंदूक लावली आहे. बंदूक होती, पण ती बाजूच्या शिपायाकडे. तो म्हणाला, “एक बार बाहर गये तो बाहर. वापस शाम को टिकट दिखाके.”

मी हैबतराव. पेणच्या रामवाडी नाक्यावर माझी अँबॅसिडर आणि माझ्या थापा, दोन्ही तीस वर्षं चालल्या. गाडीला डिझेल लागायचं, थापा बिनखर्ची. त्या दिवशी पेणच्या एका डॉक्टरांच्या सुनेला विमानाला सोडून मी परत फिरत होतो, तर काचेपलीकडे हा दिसला. धरमतरच्या खाडीकाठी आमचं एकच गाव, त्याचं घर आणि माझं घर पाठीला पाठ लावून. अडीच वर्षं हा मस्कतच्या बंदरात टगबोटीवर तेलपाणी बघत होता. तिथलं काम संपलं, कंपनीने सरळ सिंगापूरला उचलला. सकाळी सातला मुंबईत उतरायचं, रात्री नऊला पुढचं विमान. मधले चौदा तास हॉलमधल्या खुर्चीत. एजंटाने बजावलं होतं, “सहा वाजता मी पासपोर्ट घेऊन येईन. तू खुर्चीत दिसला नाहीस तर तुझ्या मागे यादीत दुसरा उभा आहे. त्याला पाठवीन.”

हे त्याने मला कठड्यापलीकडून सांगितलं. आणि मी गाढव! गप्प बसायचं सोडून बोलून गेलो, “बरं झालं भेटलास. आज आपल्या खारीची खांड बांधतायत. तुझा बापूस उतरनार म्हनतो तोंडात.”

खांड म्हणजे खारीच्या, खाडीकाठच्या भातशेतीच्या, बांधाला पडलेलं भगदाड. ते बुजवलं नाही तर खारं पाणी शेतात शिरतं आणि तीन वर्षं भाताचा दाणा येत नाही. बुजवायची रीत आमच्या आजोबांच्या वेळची. ओहोटीला भगदाडाच्या तोंडात घरटी एक माणूस खांद्याला खांदा लावून उभा राहतो, छातीएवढं पाणी पाठीवर घेतो, आणि त्या भिंतीच्या आडोशाने बाकीचे चिखलाचे गोळे रचत येतात. मधला एक जरी हलला तरी पाणी तिथूनच घुसतं आणि सकाळपासूनचं काम घेऊन जातं. चिखल वाहायला मजूर चालतो. तोंडात मात्र घरचाच माणूस.

आणि कमळाकराच्या बापाच्या, पुंडलिकाच्या घरात माणूस एकच उरला होता. तो स्वतः. वय बहात्तर. दिवाळीत छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी गुडघ्यावर पाणी घ्यायचं नाही म्हणून सांगितलेलं.

“काका,” कमळाकर म्हणाला, “तुमच्या बोलन्यात खरं किती, थाप किती?”

“आज सगळं खरं हाय रे.”

“तेच तर तुमी रोज म्हनता.”

बरोबर होतं त्याचं. मी एकदा सगळ्या नाक्याला पटवलं होतं, की धरमतरच्या खाडीत मला एवढा खेकडा सापडला, की त्याच्या नांगीत होडी बांधून मी अलिबागेला जाऊन आलो. अशा माणसाच्या शब्दावर कोण नोकरी सोडील?

तो आत वळला. आतल्या टेलिफोनवरून त्याने रोह्याला फोन लावला. तिथे त्याची बहीण हौसा दिलेली, तिच्या शेजारच्या वाण्याकडे फोन होता. काचेतून मला नुसतं त्याचं तोंड हलताना दिसत होतं, मग तेही हलायचं थांबलं. दहा मिनिटांनी दारात आला.

“काय म्हनाली?”

“म्हनाली, असलं काय नाय, बाबा घरात बसलेत, तू तुज्या कामाला जा.”

“मग?”

“रडत व्हती.”

शिपाई आमच्याकडे बघत होता. घड्याळात सव्वाआठ. कमळाकराने बुटाच्या टोकाने उंबऱ्याची पट्टी दोनदा घासली.

“काका, सहाच्या आत परत आनाल?”

“पावनेसहाला. नाय आनलं तर मिशी काढीन.”

“तुमाला मिशी कुठं हाय?”

“ठेवीन नि काढीन!”

तो हसला नाही. पण दुसरा पाय बाहेर पडला, आणि दार मिटलं ते मिटलंच.

पनवेल मागे पडलं. कर्नाळ्याच्या चढाला मान वळवून बाहेरचा आरसा बघायला गेला, तर नुसतीच चौकट. “काच कुठं गेली?”

“हितल्याच वांदरानं नेली. लगीन ठरलेलं त्याचं, तोंड बघायला पायजे होती.”

“आनी आतला आरसा?”

आतल्या आरशाच्या जागी मी गणपतीचा फोटो लावला होता. “मागचं त्याला दिसतं,” मी म्हणालो, “मी पुढचं बघतो.”

तेवढ्यावर तो बोटांवर हिशेब करू लागला. अडीच वर्षं परमुलखात राहिला, पण भरती-ओहोटी विसरला नव्हता. “आज दशमी. दहा तिरी तीस, भागिले चार, साडेसात. आपल्या खाडीत अर्धा तास उशिरा, म्हंजे आठला भरती झाली. दोनला पूर्ण ओहोटी. दोनला पानी थांबलं की तोंड बुजवायचं. अडीचला मी गाडीत.” मग जरा थांबून, “भांगाचं पानी हाय, जोर नसंल.” भांग म्हणजे अष्टमी-दशमीची नरम भरती. हे तो मला सांगत नव्हता, स्वतःला सांगत होता.

वडखळच्या नाक्यावर ट्रकांची रांग. पाऊण तास गाडी जागची हलली नाही. तो तीनदा उतरून पुढे जाऊन बघून आला. चौथ्यांदा उतरला तो आलाच नाही. मी मान बाहेर काढून बघतो, तर हा पुढे दोन ट्रकांच्या मधे उभा राहून हातवारे करत वाट मोकळी करतोय. तसं करत करत त्याने मला नाका पार करून दिला.

बांधावर पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. सगळं गाव तिथे. बायका डोक्यावरून पेंढा आणत होत्या, पोरं खुंट ठोकत होती. कामावर देखरेख काळुराम पाटलाची. पुंडलिक बांधाच्या कडेला सदरा काढून उभा होता. बरगड्या मोजता याव्यात अशा.

“मी त्याला म्हटलं,” काळुराम माझ्या कानात म्हणाला, “यंदा तुझं नाव सोडतो. तर म्हनतो, नाव सोडायला मी मेलोय काय?”

पुंडलिकाने मुलाकडे पाहिलं. अडीच वर्षांनी. डोक्यापासून बघत बघत तो खाली पायांशी थांबला.

“बूट काढ,” म्हणाला.

एवढंच. कमळाकराने बूट काढले, पँट वर दुमडली आणि तोंडात उतरला. डावीकडे दत्तात्रेय, उजवीकडे जगन. मधली जागा म्हात्रेंची, ती कुणीही न सांगता सोडलेली होती. तो तिथे घट्ट बसला, जसा काय काल संध्याकाळीच तिथून उठला होता. पुंडलिकाने मुलाचे बूट उचलले, पदराआड दिवा धरावा तसे सदऱ्यात गुंडाळून काखेत धरले, आणि बसून राहिला.

दोनला पाणी थांबलं. गोळे भराभर येऊ लागले. अडीच वाजले तेव्हा तोंड अजून चार हात उघडं होतं. वडखळने खाल्लेला पाऊण तास आता इथे कमी पडत होता. मी ठरल्याप्रमाणे हॉर्न तीनदा वाजवला.

कमळाकराने मान वळवली. अंग वळवलं नाही. वळवता येत नव्हतं. पाणी परत फिरलं होतं, त्याच्या पाठीवर हळूहळू चढत होतं. तो निघाला असता तर डावीकडचा आणि उजवीकडचा दोघे उघडे पडले असते.

मी परत हॉर्न दिला. काळुराम ओरडला, “हैबत, तुझा भोंगा बंद कर!”

पावणेतीन. पुंडलिक उठला. बूट बांधावर ठेवले, त्यांच्या शेजारी चष्मा ठेवला, आणि चिखलातून घसरत खाली उतरला.

“सरक.”

“बाबा, नाय. तुमी वर जावा. मी नाय जात सिंगापूरला.”

“तिकडं तुझी जागा दुसरा कोन तरी घेनार, असं हैबत म्हनत व्हता ना?”

“घेऊ दे.”

“हिकडची घ्यायला मी हाय.” त्याने मुलाच्या आणि दत्तात्रेयाच्या मधे खांदा घातला, मग छाती घातली. पाणी त्याच्या गळ्यापर्यंत आलं. “आता आपल्या घरची दोन मानसं झाली. रीत एकाची हाय. नीघ.”

त्या वेळी तोंडातले सगळे खाली बघत होते. मीसुद्धा. कमळाकर बाजूने सटकला तो चिखलानं माखलेला, बूट उचलून धावत आला, गाडीत बसला. मी गाडी सोडली.

पनवेलपर्यंत मी अशी हाकली, की आजवर सांगितलेल्या वेगाच्या सगळ्या थापा त्या दिवशी खऱ्या झाल्या. तो पुढे बसून बूट मांडीवर धरून होता. मानखुर्दला म्हणाला, “काका, बाबा वर आले असतील ना?”

“आले ना! गाडी वळवताना मी आरशात बघितलं. बांधावर चढला होता. बिडी पेटवत होता.”

“पेटली?”

“पहिली काडी इझली. दुसरीला पेटली.”

तो बुटांवरचा चिखल नखाने खरवडू लागला.

सहाला पाच मिनिटं कमी होती. तो उतरला. माझ्या बाजूला आला आणि त्या आरशाच्या चौकटीवर हात ठेवून उभा राहिला. चौकटीतून पलीकडे त्याची चिखलाची बोटं दिसत होती. तीस वर्षांत पहिल्यांदा मला पुढची थाप सुचेना.

“काच बसवून घ्या, काका,” तो म्हणाला. “परत कुनी इचारलं तर पंचाईत व्हईल.”

मग चौकट आपल्या शर्टाच्या बाहीने पुसली आणि गेला. बूट घालायला वेळ नव्हता, हातातच होते. शिपायाने तिकीट बघितलं, पाय बघितले, आणि बाजूला झाला. काचेपलीकडे एक माणूस हातात पासपोर्ट धरून घड्याळ बघत उभा होता. त्या आरशासारख्या फरशीवर आमच्या खाडीचा चिखल त्या खुर्चीपर्यंत पावलापावलाने गेला, आणि एक बाई फडकं घेऊन मागून पुसत निघाली.

परत येताना पनवेलच्या पुढे गाडीने मान टाकली. सकाळी गावात पोचलो तो घरी न जाता सरळ बांधावर गेलो.

खांड बुजली होती. पुंडलिक नव्या चिखलासमोर बसला होता, अंगावर घोंगडी, गळ्यापर्यंतचा चिखल वाळून तडकलेला. काळुराम म्हणाला, चारला दोघांनी काखेत धरून वर काढला, पण घरी जाईना. सकाळची भरती बघितल्याशिवाय जाणार नाही म्हणाला.

“पोचला?” पुंडलिकाने विचारलं. आवाज विहिरीतून यावा तसा.

“पोचला. पाच मिन्टं आधी.”

“पाय धुतलेन?”

“नाय. तसाच गेला.”

त्याने मान डोलावली. समोर पाणी चढत चढत नव्या चिखलाला टेकलं होतं, वरच्या कडेपासून वीतभर खाली. मी खिशातून बिडी काढली, त्याच्या ओठांत ठेवली. त्याचे हात घोंगडीत होते, म्हणून मीच धरली. त्याने नको म्हटलं नाही.

वारा होता. पहिली काडी विझली. मी दुसरी ओढली, दोन्ही हातांचा आडोसा केला, आणि ती पेटेपर्यंत तसाच बसून राहिलो.