डावा पाय

शनिवारी दुपारी बाजार उठल्यावर जोसियान ट्राम पकडून लेकीच्या औषधाच्या दुकानात आली. फ्रान्समधल्या नाँत शहरात जुलैचा उकाडा होता. मासळीच्या गाळ्यावरचा एप्रन तिने पिशवीत कोंबला होता, पण रबरी बूट पायातच होते, आणि वास तिच्या आधी आत शिरला. रांगेत तिच्या मागे मादाम पेल्तिए होत्या. दुकानाचं जुनं, बड्या घरचं गिऱ्हाईक. त्यांनी हळूच रुमाल नाकाशी नेला. काउंटरमागे उभ्या लेकीने, नोलवेनने, ते पाहिलं.

"पोरी, जरा..." जोसियान म्हणू लागली.

"बोला मादाम, काय देऊ?" नोलवेन म्हणाली.

जोसियान क्षणभर लेकीकडे बघत राहिली. मग तिला उमगलं. "पाय जड झालाय हो," ती परक्यासारखी म्हणाली.

नोलवेनचा हात सवयीने मागच्या फळीकडे गेला. उन्हाळा लागला की अर्ध्या शहराचे पाय जड होतात. संत्र्याच्या सालीपासून केलेल्या डायोस्मिनच्या गोळ्या, शिरांना बळ देणाऱ्या, सगळेच मागतात. पाय कोणी दाखवत नाही, कोणी बघतही नाही.

"डावाच तेवढा," जोसियान म्हणाली. "पोटरी गरम लागतेय."

"दिवसभर उभं राहिल्यावर होतं असं. जेवणाबरोबर घ्या. रात्री पायाखाली उशी."

"माझं तर सगळं याच्यावरच चाललंय, बाई!" मादाम पेल्तिए मागून म्हणाल्या.

"संत्र्याची साल ना?" जोसियान हसली. "बरं झालं. निदान वास तरी जाईल!"

मादाम पेल्तिएही हसल्या. नोलवेन हसली नाही. जोसियानने गोळ्यांचा डबा पिशवीत टाकला, "आभारी आहे, मादाम," म्हणाली आणि डावा पाय किंचित ओढत बाहेर पडली.

मंगळवारी सकाळी गाळ्यावर बर्फ पसरता पसरता ती कोसळली. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "एकच पाय जड किंवा गरम लागतोय, असं काही बोलल्या होत्या का?"

"नाही," नोलवेन म्हणाली.

दफनाच्या दिवशी शेजारच्या गाळ्यावरच्या बायकांनी तिला जवळ घेतलं. कोणाला कळणार होतं, पोरी, असं प्रत्येकीने म्हटलं. ती मान हलवत राहिली. आईच्या स्वयंपाकघरात तो डबा सापडला. सांगितलं होतं तशा गोळ्या तिने मोजून घेतल्या होत्या.

दहा दिवसांनी नोलवेन कामावर आली. दुकानात चार-पाच माणसं होती. मादाम पेल्तिए काउंटरवर वाकल्या.

"आई गेली म्हणे तुमची. फार वाईट झालं. आम्ही कधी पाहिलंसुद्धा नाही हो त्यांना."

"पाहिलंत," नोलवेन म्हणाली. "गेल्या महिन्यात, शनिवारी. रबरी बूट घातलेली बाई तुमच्यापुढे उभी होती. ती माझी आई. डावाच पाय जड झालाय म्हणाली, आणि मी वाकून पाहिलं नाही. तुम्ही बघत होतात, आणि मला तिची लाज वाटत होती."