कोवळं पापलेट

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी माह्याकडं बोट दाखवाले नको. नागपुरात आज जो येते तो मासोळी बाजारात उभा राहून "कोवळं पापलेट द्या" म्हणते ना, तो शब्द माहा आहे. मीच काढला. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले, हा माहा लहानपणापासूनचा रोग आहे.

माहं नाव प्रेमिला. आमी ढिवर, मासोळी धरणारे. माहेर खाप्याचं, कन्हानच्या काठावरचं. लग्न होऊन नागपुरात आली अन् सासूच्या ओट्यावर मासोळी विकाले बसली. बाजाराच्या फाटकातून आत शिरलं का उजव्या हाताचा पहिला ओटा आमचा. सासूनं तो जन्मभर राखला, जाताना माह्या हाती दिला. पहिला ओटा म्हणजे काय असते ते शेवटच्या ओट्यावर बसणारीले विचारा. गिऱ्हाईक पहिले तुमच्यापाशी थांबते, तुमची मासोळी सकाळीच उठते, अन् बाकीच्या बाया तुमच्या नावानं बोटं मोडतेत. माह्याजवळ दागिना नाही, वावर नाही. होता तो हा ओटा.

आता तो शब्द कसा निघाला ते ऐका. सात-आठ वर्षं झाली असतीन. समुद्राची मासोळी आपल्याकडं बर्फाच्या पेट्याईतून येते. त्या पेट्याईत मोठ्या पापलेटाच्या खाली लहान लहान पापलेटं याले लागली. तळहातात दोन मावतीन एवढी. कोणी हात लावेना. एक बाई उलटंपालटं करून पाहून राहिली अन् म्हणते, "एवढुसं काय वं हे?"

मी म्हटलं, "ताई, भेंडी घेता तवा जून घेता का कोवळी? टोक मोडून पाहता ना? मंग हे कोवळं पापलेट आहे. काटा दाताले लागत नाही."

बाई खूश. दुसऱ्या दिवशी बहिणीले घेऊन आली, तिसऱ्या दिवशी बहिणीची शेजारीण आली. महिनाभरात बाजू-बाजूच्या ओट्यावर तोच शब्द. हुडकेश्वरले धर्मेंद्र नावाच्या माणसाचं हॉटेल आहे, त्यानं तर बोर्डच रंगवला, 'स्पेशल कोवळं पापलेट फ्राय'. रोजची पेटी माह्याकडूनच नेत होता.

आपण पडलो वावर-वाडीचे लोक. आपल्याले वाटते, जे लहान ते कोवळं, जे कोवळं ते चांगलं. भेंडी तोडली तर झाड परवा दुसरी देते. पापलेटाले झाड नसते. हे गिऱ्हाईकाले माहीत नव्हतं, मले होतं. ढिवराच्या पोरीले हे कोणी सांगा लागते का? पण विकून राहिलं होतं ना. मी तोलत राहिली.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावरची गोष्ट. एक जुने गिऱ्हाईक आले, म्हणे, "प्रेमिला, पोटात अंडे असतीन तर तेही टाकजो." मासोळीचे अंडे म्हणजे खाणाऱ्याचा जीव असते. आधी तर त्याच्यासाठी ओट्यावर भांडणं होत. मी पेटी उपसली अन् एकेक पोट चिरून पाहाले लागली. पंधरा चिरले, वीस चिरले, पेटी संपली. एकाही पोटात अंडं नाही. ते गिऱ्हाईक म्हणे, "राहू दे, उद्या पाहू." ते गेले, पण मी सुरी हातात धरून तशीच बसली. पापलेटाच्या पोटातून शेवटचं अंडं मी कवा काढलं होतं? मले आठवेना. आठवणार कसं. एकाचंही अंडं द्याचं वय झालं नव्हतं. त्याच्या आधीच मी सगळे तोलून दिले होते.

माहा बाप, नत्थू, कन्हानमध्ये जाळं टाके. जाळं विणून झालं का भोकातून तीन बोटं घालून पाहे. तीन बोटं गेली नाही तर ते जाळं पुन्हा उसवे. पावसाळ्यात फुगल्या पोटाची मासोळी सापडली तर म्हणे, "बाळंतीण आहे, जाऊ दे तिले माहेरी," अन् पाण्यात सोडून दे. गावातले बाकीचे हसत. मंग लोकाईनं मच्छरदाण्या आणल्या. मच्छरदाणीच्या भोकातून काय निसटते? तांदळाएवढी पिल्लं टोपल्याईनं भरून नेली. काही वर्षांत कन्हानमध्ये जाळं टाकलं का शेवाळ अन् प्लास्टिकच्या पन्न्या. बाबानं जाळं खुंटीले टांगलं अन् वीटभट्टीवर गेला. नदी कशी संपते ते मी या डोळ्यानं पाह्यलं आहे. समुद्र मी आजवर पाह्यला नाही. अन् न पाह्यलेल्या समुद्रालेच मी मच्छरदाणी लावून बसली होती, नागपुरातून.

बंदरावरून पेट्या पाठवणारा आमचा आडत्या गौरांग. त्याले फोन लावला. म्हटलं, "भाऊ, मले लहान माल पाठवू नका. मोठाच द्या."

तो म्हणतो, "प्रेमिलाबेन, मोठा कुठून देऊ? बोट आठ-आठ दिवस फिरते तेव्हा दोन टोपल्या येतात. आधी हा बारीक माल कोणी विचारत नव्हतं. आता तुमच्या नागपूरमुळे त्याला गिऱ्हाईक आहे. बोटवाल्यांनी जाळीपण बारीक केली."

"सरकारचं काही माप असन ना?"

"आहे ना, कागदावर आहे. पेटी उघडून पट्टी कोण लावतो? तुम्ही झाकण बघितलं नाही का? तुमच्यासाठी आम्ही वेगळा मालच काढतो."

झाकण पाह्यलं. थर्माकोलवर काळ्या मार्करनं लिहिलेलं होतं, 'कोवळं'. रोज तेच झाकण मी उचलून बाजूले ठेवत होती. माहा शब्द बंदरापर्यंत जाऊन, जाळ्याचे भोकं बारीक करून, बर्फात बसून वापस माह्या ओट्यावर येऊन राहिला होता. त्या दिवशी मले स्वतःच्या जिभेचा एवढा राग आला, का दोन घास गोड लागले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी लहान पापलेट बंद केलं. नुसतं बंद करून गप बसली असती तरी चाललं असतं. पण गप बसन तर ती प्रेमिला कसली. कोणी "कोवळं आहे का?" विचारलं का मी सांगे, "कोवळं-बिवळं काही नसते ताई, ते पिल्लू आहे. त्याले अजून एकदाही लेकरं झाले नाहीत. पिल्लू खाता का?" एका बाईनं तोंड वाकडं केलं, "सकाळी सकाळी काय अभद्र बोलून राहिली वं?" अन् बाजूच्या वंदनाच्या ओट्यावर गेली. वंदनानं हसून तिले अर्धा किलो तोलून दिलं. पिल्लंच.

मी वंदनाच्या गिऱ्हाईकाईलेही सांगू लागली. तिथून भांडण पेटलं. वंदना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुले विकाचं नाही तर नको विकू. माह्या ओट्याकडं पाहून काहून ओरडते? कोवळं कोवळं करून तूच गावाले चटक लावली, अन् आता तूच साधू झाली काय? कुऱ्हाडीचा दांडा गोताले काळ, तशी आहेस तू."

वंदना बोलली ते खरंच होतं. अन् खऱ्या गोष्टीचाच तर जास्त संताप येते.

धर्मेंद्र आला. मी त्याले मोठं पापलेट दाखवलं, दोनच होते. म्हणे, "ताई, प्लेटमध्ये पूर्ण मासा पायजे असते पब्लिकले. हा कापून दिला तर फोटो कसा काढतीन?" मी म्हटलं, "काहून गा भाऊ, फोटोपायी पिल्लं मारता काय?" तो हसला अन् पेटी वंदनाकडून उचलली.

घरी नवरा, रुपराव, शांत माणूस. ते म्हणे, "तू एकटीनं नाही विकलं तर समुद्र भरून जाईन काय वं?" मी म्हटलं, "नाही भरणार." ते म्हणे, "मंग?" या 'मंग'चं उत्तर मले आजही येत नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी रोहू अन् कटला घेऊनच बसली, तळ्यात पाळलेली मासोळी. ती तर सगळ्याईजवळ असते.

महिन्याभरात बाजार कमिटीचे मारोतराव आले. वयानं मोठे, सासूच्या वेळचे. बसले नाही, उभ्यानंच बोलले. "प्रेमिला, पहिल्या ओट्यावरून गिऱ्हाईक नाराज होऊन आत येते. सगळ्याईची तक्रार आहे. तोंड आवर, नाही तर ओटा बदल."

मी म्हटलं, "काका, मी खोटं बोलून राहिली काय?"

ते म्हणे, "खऱ्या-खोट्याचं कोण विचारून राहिलं? बाजार आहे हा."

तोंड मले आवरलं नाही. आठव्या दिवशी वंदना पहिल्या ओट्यावर अन् मी शेवटच्या, जिथं कापलेल्या मासोळीचे डोकेमुंडके फेकतेत, त्या नालीपाशी. सासूनं जन्मभर राखलेली जागा मी दीड महिन्यात घालवली. मी रडली, खोटं काहून सांगू. पेट्याईच्या मागं तोंड करून, माश्या वारत वारत रडली.

पण एक समाधान होतं. पिल्लू हा शब्द लोकाईच्या कानावर गेला होता. मले वाटे, एखाद्या दिवशी एखाद्या बाईले घास तोंडाजवळ नेताना तो आठवन, अन् तिचा हात थांबन. एक थांबली तरी पुष्कळ झालं.

मंग एक दिवस दोन कॉलेजच्या पोट्ट्या माह्या ओट्यापर्यंत आल्या. नटलेल्या, हातात मोबाईल. म्हणे, "मावशी, पिल्लू आहे का?"

मले समजलं नाही. "काय आहे का?"

"पिल्लू पापलेट. हुडकेश्वरच्या हॉटेलात मिळते ना ते. एकदम क्यूट असते. आमाले घरी करून पाहाचं आहे." एकीनं मोबाईल पुढं केला. धर्मेंद्रचा नवा बोर्ड होता. लाल अक्षरात 'पिल्लू पापलेट फ्राय', अन् खाली प्लेटमध्ये चार पिल्लं एका रांगेत, निंबाच्या फोडीसकट.

मी मोबाईल बाजूले सारला अन् रोहूचे खवले काढाले लागली. रागावू कोणावर. त्याईनं तर लाडानंच विचारलं होतं.

चार दिवसांनी धर्मेंद्र अन् मारोतराव संगच आले. नालीच्या वासानं धर्मेंद्रनं नाकाले रुमाल लावला होता. मारोतराव या वेळी बसले, उलट्या पेटीवर बसले. म्हणे, "प्रेमिला, तुह्या जिभेवर सरस्वती आहे वं. तू शिवी घातली तरी माल विकते. पूर्ण बाजारात पिल्लू-पिल्लू होऊन राहिलं."

धर्मेंद्र म्हणे, "ताई, 'कोवळं' आता जुनं झालं होतं. 'पिल्लू'नं डबल धंदा दिला. खरं सांगतो, तुमचा उपकार आहे." मंग जरा जवळ सरकला. "आता काय आहे, मोठी सुरमई मिळून नाही राहिली. बारीक येऊन राहिली, एवढी. चव आहे, पण नावाले उठाव नाही. तुमी तिले एखादं नाव द्या ना."

मी मारोतरावाईकडं पाह्यलं. ते म्हणे, "देऊन टाक वं. वंदनाले मी समजावतो. उद्यापासून पहिल्या ओट्यावर बस. तुह्या सासूची जागा आहे ती, तुहीच राहीन."

मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून बसली. फाटकाकडं पाह्यलं, इथून ते नीट दिसतही नाही. 'लेकरं' म्हटलं तर 'लेकरं फ्राय' होईन. 'पाप' म्हटलं तर पापाचीही चटणी करतीन. जो शब्द काढन तो हे लोक मसाला लावून तळतीन, अन् वरून निंबू पिळतीन. समुद्रासाठी माह्याजवळ शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं, अन् शब्दच कामाचा नाही. एवढी लाचारी मले नालीपाशी आली त्या दिवशीही वाटली नव्हती.

धर्मेंद्रनं वाट पाह्यली. म्हणे, "काही घाई नाही ताई. सुचलं का सांगजा." मारोतराव उठले, धोतर झटकलं, म्हणे, "विचार कर. ओटा आठ दिवस थांबवून ठेवतो."

आठ दिवस कवाच होऊन गेले. मी नालीपाशीच आहे, रोहू विकून राहिली. रुपराव म्हणतेत, "तुले नावच सुचलं नसन, नाही तर तू गप बसणारी नाही."

नाव तर त्याच घडीले सुचलं होतं. धर्मेंद्रनं बोटानं माप दाखवलं तवाच. असं नाव, का आठ दिवसांत नागपुरात एक लहान सुरमई उरली नसती. जिभेच्या शेंड्यावर येऊन बसलं होतं अन् मी ते गिळलं. रुपरावले सांगतलं नाही. तुमालेही नाही सांगत.