अकरा जणींची जीप

"अजून दोघी बसा. टोपल्या भरलेल्याच ठेवा!" भीमराज वाळूत उकिडवा बसून ओरडला.

मढच्या किनाऱ्यावर लष्कराच्या लिलावातली जुनी जीप उभी होती. ओल्या टोपल्या मांडीवर घेऊन कोळणी तिच्यात दाटीवाटीने बसत होत्या. भीमराजला खरं वजन हवं होतं. रिकाम्या गाडीची उंची जुळवून काय उपयोग? ही रिकामी जाणार कधी?

जीप अकरा जणींची. रत्नप्रभाने पुढाकार घेऊन बहात्तर साली सगळ्यांचं सोनंनाणं एकत्र केलं आणि ती आणली. वर्सोव्याला जाणाऱ्या होडीच्या धक्क्यापर्यंत टोपल्या डोक्यावरून नेणं तरी सुटेल, एवढीच आशा. पण भुसभुशीत वाळू आणि मधले खडक यांनी मागच्या चाकांचे धक्के झेलणारे पोलादी पाटे दोनदा मोडले. दुसऱ्या वेळी अख्खी मासळी वाटेतच नासली. पुरुषमंडळींना निमित्तच हवं होतं. आज, रविवारी दुपारी, त्यांनी जीप मोडीत काढायला भंगारवाल्याला बोलावलं होतं.

पाटे दुसऱ्यांदा मोडल्यावर रत्नप्रभाने महिनाभर अंधेरीतली गॅरेजं पालथी घातली होती. शेवटच्या गॅरेजच्या मालकाने हात झटकले. "पाटे लावायचे तर लावतो बाई. दुसरं काही आपल्याकडे होत नाही."

तिथेच एका ट्रकखालून आवाज आला होता, "शेठ, मी करतो. माझ्या सुट्टीच्या दिवशी."

सव्वीस वर्षं भीमराज गाड्यांखाली आडवा होता. दुसऱ्यांनी ठरवलेले भाग दुसऱ्यांनी ठरवलेल्या जागी बसवत आला. शेठसमोर आपणहून बोलायची ती त्याची पहिलीच वेळ. बोलून झाल्यावर तोच दचकला.

तीन रविवार त्याने इथे काढले. मागचे पाटे उतरवले. दोन्ही बाजूंना भंगारातल्या परदेशी गाडीची एकेक जाड स्प्रिंग लावली आणि तिच्या पोटात शॉकॲब्सॉर्बर बसवला. धुरा सरकू नये म्हणून तीन दांडे जोडले. घाटकोपरच्या एका लेथवाल्याकडून स्प्रिंगखाली फिरवून बसवायची आट्यांची कडी कापून आणली. कडं आवळलं की स्प्रिंग दबते, गाडी वर उठते. सैल केलं की खाली बसते.

आता त्याने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. डावीकडे अठरा इंच. उजवीकडे सतरा.

"उजवीकडे एक इंच कमी कसं?"

"कमळमावशी बसलीय ना तिथं!" रत्नप्रभा म्हणाली, आणि सगळी जीप हसण्याने हलली.

"मी नाय उठनार," कमळमावशी ठसक्यात म्हणाली. "मी रोज हितंच बसनार. तुजी गाडी वाकडी, मी नाय!"

भीमराजलाही हसू फुटलं. "बसा मावशी. तुम्हाला धरूनच लावतो."

सगळ्यांना उतरवून त्याने जॅक लावला. उजवं कडं चार आटे आवळलं, जॅक काढला आणि सगळ्यांना पुन्हा आपापल्या जागी बसवलं. मागून दोनचारदा दाबून गाडी हलवली. टेप लावला. अठरा. डावीकडे पाहिलं. अठरा.

"हां. आता चल, रत्नप्रभा. खडकावर हळू."

तिने गिअर टाकला. भीमराज अनवाणी बाजूने पळत निघाला. डोळे चाकावरच. जाळी विणणारे म्हातारे हात थांबवून बघत राहिले. खडक आला. मागचं चाक वर चढलं, स्प्रिंग दबली. भीमराज चाकाशी वाकला. चाक पलीकडे उतरलं. जीप मऊपणे वर आली आणि एकदाच डोलून शांत झाली. कुठे आपटली नाही. एक बोंबीलही उडाला नाही.

"अगो, पालन्यात बसल्यावानी वाटतंय!" कमळमावशी किंचाळली.

धक्क्यापर्यंत जाऊन जीप परत आली, तेव्हा भंगारवाला तराजू घेऊन उभा होता. रत्नप्रभाने त्याच्या पिशवीत दोन पापलेटं टाकली. "घरी जा भाऊ. बायकोला सांग, तळून खा." म्हाताऱ्यांपैकी एकाने हळूच विचारलं, उद्या आपल्यालाही धक्क्यावर सोडाल का. अकराही जणी एकदम बोलू लागल्या.

"भीमराजदादा, बाहेर या! जेवायला बसायचंय," रत्नप्रभा जीपखाली वाकून म्हणाली. "आज पहिला मान तुमचा."

"आलो. जरा बोल्ट बघतो."

जीपखाली पाठीला वाळू गार लागत होती. सगळे बोल्ट घट्ट होते. त्याने बाहीने डोळे पुसले आणि पाना पुन्हा पहिल्या बोल्टला लावला.