उपग्रह, नग एक

मित्रांनो, जरा मान वर करा. बंदर कचेरीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, ती भलीमोठी परात आभाळाकडे तोंड करून बसली आहे ना, ती मीच. जुनी उपग्रह डिश. मला अजून पांढरी म्हणतात ते केवळ वयाचा मान राखून. कडांना गंज चढलाय आणि एका कबुतराने माझ्या मांडीवर संसार थाटलाय. पण एके काळी माझा काय तोरा होता म्हणता!

कारखान्यात कारागिरांनी पत्रे वाकवून, ठोकून, घासून मला गोल केलं. मला इतकं घासलं, इतकं घासलं, की अंगणात ठेवताच सूर्य जागीच थांबला आणि माझ्यात बघून भांग पाडू लागला. त्या दिवशी संध्याकाळ उशिरा झाली. खोटं वाटत असेल तर सूर्याला विचारा.

मग मला सरकारने विकत घेतलं. सरकार काही दुकानात जाऊन "ती डिश द्या हो" म्हणत नाही. आधी निविदा निघते, म्हणजे काय हवंय ते जाहीर करतात. कंपन्या बंद पाकिटात आपापला भाव सांगतात. मग समिती बसते, आणि एकदा बसली की लवकर उठत नाही. मी गोदामात एवढी वाट पाहिली की शेजारच्या लाकडी खोक्याला पालवी फुटली.

हवं काय होतं? समुद्रात लांब गेलेल्या बोटींशी बोलणं. कचेरीतलं जुनं बिनतारी यंत्र किनाऱ्यापासून थोडं दूर गेलं की धापा टाकायचं. आता प्रत्येक बोटीवर एक छोटा संच, गच्चीवर मी, आणि आम्हा दोघांच्या मध्ये आभाळात उपग्रह. मी बोलायचं, त्याने झेलायचं आणि बोटीकडे टाकायचं. तो माझा थोरला भाऊ आहे असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. त्याने अजून तरी नाही म्हटलेलं नाही.

बोटींवर संच बसले, गच्चीवर मी बसले, वायरी जोडल्या गेल्या. आणि घोडं अडलं ते तळमजल्यावर, भांडारात.

झालं असं, की खरेदीसाहेबांनी घाईघाईत जुन्या कपाटखरेदीचा कागद समोर ठेवून आमची निविदा उतरवली होती. कपाटाच्या जागी उपग्रह लिहिलं, बाकी अटी तशाच. त्यामुळे मागणी अशी झाली: डिश, नग एक. उपग्रह, नग एक. सर्व माल भांडारात उतरवून द्यावा.

कचेरीचे भांडारपाल म्हणजे भांडारकाका. वस्तूला हात लावल्याशिवाय पोच न देणारा माणूस. पंखा आला की दिवसभर फिरवून बघणार. खुर्च्या आल्या की एकेकीवर बसून बघणार. आणि त्यांनी पोच दिल्याशिवाय कंपनी सेवा सुरू करणार नव्हती.

"डिश मिळाली," काका म्हणाले. "उपग्रह कुठाय?"

"अहो काका, तो आभाळात असतो," खरेदीसाहेब म्हणाले.

"मग उतरवा."

"उतरवा काय! पोतं आहे का ते?"

"मागणीवर सही तुमची आहे, साहेब. न बघितलेल्या मालाची पोच मी देत नाही."

चूक दुरुस्त करायची तर पुन्हा समिती बसायला हवी होती. दिवस जाऊ लागले. आणि एका सकाळी हवामान खात्याचा निरोप आला: वादळाने वाट बदलली आहे, संध्याकाळपर्यंत इथे धडकणार.

निरोप घेतला बिनतारी ताईने. यंत्रखोली तीच सांभाळायची, आणि तिचा थोरला भाऊ समुद्रात गेलेल्या एका बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख होता. जुन्या यंत्रात हाका मारून मारून तिचा घसा बसला. पलीकडून नुसती खरखर.

मी गच्चीवर तडफडत होते. तोंड आभाळाकडे, भाऊ डोळ्यांसमोर, आणि बोलायची सोय नाही!

ताई धडाधड जिना उतरून भांडारात शिरली. तिच्यामागे खरेदीसाहेब, त्यांच्यामागे कंपनीचा इंजिनिअर.

"काका, सही करा हो! दादा आहे तिकडे!"

काकांनी पेन उचललं. हात थांबला. "पोरी, सही केली आणि आवाजच गेला नाही तर? हे सगळं चालतं की नाही, बघितलंय कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं.

"मग बघा की!" ताई ओरडली. "पंखा फिरवून बघता, खुर्चीवर बसून बघता. डिशला काय सोवळ्यात ठेवलंय?"

काका इंजिनिअरकडे वळले. "पोच द्यायच्या आधी चालवून दाखवता येतं?"

"येतं ना. चाचणीसाठी तासभर सेवा उघडून मिळते."

"मग इतके दिवस तोंडात काय मूग धरले होते?"

"चाचणी कुणी मागितलीच नाही!"

मित्रांनो, पुढचं काय सांगू! अंगात वीज शिरली आणि मी असा आवाज सोडला की वाटेतले ढग बाजूला सरले. एका घारीने दोन्ही पंख कानांवर ठेवले आणि बिचारी तशीच तरंगत राहिली. वरच्या भावाने माझा शब्द अलगद झेलला.

यंत्रासमोर काका स्वतः बसले. "हॅलो, भांडारातून बोलतोय. तुमचा संच चालतो का?"

"चालतो! पण कुठलं भांडार?"

"ते राहू द्या. वादळ येतंय, माघारी फिरा. पोचलं?"

"पोचलं! फिरलो!"

तीन-चार बोटी बोलल्या तसा इंजिनिअर म्हणाला, "झाली की चाचणी. चालतंय सगळं."

"प्रत्येक संच वेगळा नग आहे," काका म्हणाले. "सगळे बोलले पाहिजेत."

आणि एकेक करून सगळे बोलले. फक्त एक गप्प. ताईच्या दादाची बोट.

हाका सुरू राहिल्या. खिडकीबाहेरचं पाणी शिशासारखं काळपट झालं. इंजिनिअर घड्याळ दाखवू लागला. "काका, तास संपला. आता सेवा बंद होईल."

"नग बाकी आहे," काका गरजले. "चाचणी अपुरी. वेळ वाढवून घ्या, नाहीतर डिश उचला आणि चालू पडा!"

इंजिनिअर फोनकडे धावला. वेळ वाढवून मिळाली. काकांनी माइक ताईच्या हातात दिला.

"दादा! अरे दादा, ऐक ना रे!"

खर्र झालं. मग एक वैतागलेला आवाज. "अगं, कानाचे पडदे फाडशील! संच जाळ्याच्या ढिगाखाली गेला होता. घरी बरे आहेत ना सगळे?"

"वादळ येतंय. मुकाट्याने घरी ये!"

"तांडेल मी की तू?"

"आज मी!" ताई म्हणाली आणि हमसून रडू लागली.

"बरं बाई," दादा हळूच म्हणाला. "वळवली बोट."

काकांनी सही केली. उपग्रहासमोर शेरा मारला, 'ऐकून घेतला'.

वारा सुटला तेव्हा बोटी धक्क्याला लागत होत्या. शेवटची आली ती दादाची. तो तडक भांडारात गेला आणि ओल्या अंगाने त्याने काकांना मिठी मारली. "अहो, कपडे भिजले माझे!" काका ओरडत होते, पण सोडत काही नव्हते. त्या वादळात बंदराचे पत्रे उडाले, दिवे गेले. माणूस मात्र एकही गेला नाही.

पुढे मोठमोठे पाहुणे गच्चीवर आले, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. मी कित्येक वर्षं बोटींशी बोलले. मग नव्या तऱ्हेच्या डिश निघाल्या आणि माझी वायर कापली गेली. आता गच्चीवर येतं कोण? टाकी धुणारा माणूस येतो, तोही माझ्यावर टॉवेल वाळत घालतो.

मित्रांनो, जमलं तर माझ्या अंगावर बादलीभर पाणी ओता; कबुतराला तेवढं सांभाळून. पण माझी खरी विनंती शेजारणीबद्दल आहे. माझ्या जागी नवी छोटी डिश आली आहे, तिच्यावरचं प्लॅस्टिक अजून कुणी काढलेलं नाही. ती सगळ्यांच्या पैशाची आहे, म्हणजे तुमचीही आहे. आभाळ स्वच्छ आहे तोवर मोठ्यांच्या मागे लागा आणि तिला चालवून बघायला लावा. आणि बघायला बसाल, तेव्हा शेवटची बोट बोलल्याशिवाय खुर्ची सोडू नका.